गावाची शीव कोणी आखावी?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला शोभेल असे काही बोलावे ही जबाबदारी मोठी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतसाहित्यावर बोलावे, फार तर गोमंतकातील मराठी नाटकावर बोलावे, अशी संयोजकांची स्वाभाविक अपेक्षा होती. ती बाजूला ठेवून मी आज जमिनीवर बोलणार आहे. आपली गावे शहरे होत आहेत. ती व्हावीत का, कुठवर व्हावीत आणि कुठे थांबावीत, हा प्रश्न आज गोव्यातल्या प्रत्येक घरात बोलला जातो. नगररचना हे माझे शास्त्र नव्हे. माझे कुतूहल आहे ते लोकांच्या मनाचे. आपण सभेत जे बोलतो, ग्रामसभेत ज्यासाठी हात वर करतो आणि निबंधकाच्या कचेरीत ज्यावर सही करतो, त्या तिन्हींचा मेळ का बसत नाही, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मी आयुष्यभर शब्दांचा विद्यार्थी राहिलो. म्हणून सुरुवात शब्दांपासूनच करतो.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठीत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात. एक पांढरी, दुसरी काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरीत घरे, देऊळ, चावडी, विहीर, काळीत नांगर. दोहोंच्या भोवती शीव. ह्या शब्दांत केवळ मातीचा रंग नाही, त्यांत एक व्यवस्था आहे. वस्ती कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होते, हे सर्वांना ठाऊक असे, आणि ती रेघ एकट्यादुकट्याला पुसता येत नसे. आज ज्याला आपण ‘झोन’ म्हणतो, ती कल्पना आपल्या भाषेत आधीपासून मुरलेली होती. तिला नकाशा नव्हता इतकेच.

गोव्यात ही व्यवस्था अधिक सूक्ष्म होती, कारण आपली भूमीच तशी. डोंगरउतारावर कुळागरे, त्याखाली मोरड, त्याखाली खाजन आणि मग नदी. खाजन ही गोमंतकीयांनी निर्माण केलेली जमीन आहे. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, मानशीच्या दारांतून ओहोटीला आतले पाणी सोडायचे, भरतीला ती दारे पाण्याच्याच दाबाने मिटायची, आणि आत कोरगूट भात पिकवायचे. सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन गोव्यात असल्याचे सांगतात. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. बांध एका ठिकाणी फुटला की शंभर जणांच्या शेतात खारे पाणी शिरते. म्हणून गांवकारी जन्मली. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून ती होती; १५२६ च्या ‘फोराल’मध्ये त्यांनी तिच्या रूढी लिहून घेतल्या, निर्माण केल्या नाहीत. पुढे तिलाच कोमुनिदाद हे नाव मिळाले. जमीन गावाची, लागवड वाटून, बांधाची चिंता सामाईक, असा तिचा गाभा होता. ह्या गांवकारीत सर्वांना स्थान नव्हते हेही सांगितले पाहिजे. गांवकार कोण आणि कोण नव्हे, ह्याची भिंत जातीची आणि घराण्याची होती. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ही भिंत विसरण्याचा मोह फार होतो.

आता ह्या शब्दांच्या शेजारी आजचा एक शब्द ठेवतो : सनद. सनद म्हणजे राजाने दिलेला अधिकारलेख, असे आपण वर्गात शिकवत आलो. आज गोव्यात ‘सनद झाली का?’ असे कोणी विचारले, तर त्याचा अर्थ एकच : शेतीची वा भाटाची जमीन घरबांधणीसाठी रूपांतरित झाली का? काळीची पांढरी करणाऱ्या कागदाला आपण राजपत्राचा मान दिला. एका शब्दाच्या ह्या प्रवासात गेल्या साठ वर्षांचा आपला इतिहास सामावला आहे.

आकडे काय सांगतात

भावनेत शिरण्यापूर्वी थोडी आकडेमोड करू. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. मुक्तीच्या आसपास लोकसंख्या सहा लाखांच्या आतबाहेर होती. २००१ च्या जनगणनेत ती साडेतेरा लाखांच्या जवळ पोहोचली आणि २०११ मध्ये १४ लाख ५८ हजारांवर गेली. म्हणजे त्या दहा वर्षांत वाढ झाली अवघी सव्वाआठ टक्के, सुमारे १ लाख ११ हजार माणसांची. ही वाढ काही भयंकर नव्हे.

परंतु त्याच दहा वर्षांत शहरी म्हणून गणलेली लोकसंख्या ६ लाख ७० हजारांवरून ९ लाख ७ हजारांवर गेली. वाढ झाली २ लाख ३६ हजारांची. शहरी प्रमाण ४९.७६ टक्क्यांवरून ६२.१७ टक्के झाले, जे त्या जनगणनेत देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. एकूण माणसे वाढली एक लाख अकरा हजार आणि शहरी माणसे वाढली दोन लाख छत्तीस हजार, हा हिशेब कसा जुळतो? फरकाची सव्वा लाख माणसे कुठून आली? ती कुठूनही आली नाहीत. ती होती तिथेच राहिली. त्यांचे गाव जनगणनेच्या वहीत शहर झाले. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला चारशेची दाटी आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊणांहून अधिक शेतीबाहेर, ह्या तीन कसोट्यांवर गाव उतरले की जनगणना त्याला ‘जनगणना शहर’ म्हणते. २००१ मध्ये गोव्यात अशी ३० शहरे होती, २०११ मध्ये ५६ झाली. नगरपालिका व महानगरपालिका मिळून मात्र तेव्हाही चौदाच होत्या.

फोंड्याला खेटून असलेले कुर्टी घ्या, बांदोडा घ्या. जनगणनेच्या लेखी शहर, कारभाराच्या लेखी पंचायत. पर्वरीत २००० पासून विधानसभा भरते, तिथून अख्ख्या राज्याचे कायदे होतात. पण पर्वरी स्वतः अनेक पंचायतींत वाटली गेलेली. घरे शहराची, गटारे गावाची. दहा मजली आराखडा तपासायला बसलेला पंचायत सचिव हे दृश्य आपल्याला परके नाही.

दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे एक घर रिकामे आढळले. त्यांत वारसांच्या भांडणात अडकलेली जुनी घरे आहेत, परदेशी गेलेल्यांची घरे आहेत, आणि गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेले फ्लॅटही आहेत. तेव्हा ‘माणसांना घरे हवीत म्हणून शेते जातात’ हे विधान अर्धेच खरे आहे. घरे बांधली जातात एकासाठी, गरज असते दुसऱ्याला.

लोकमताच्या तीन लाटा

ह्या वाढीकडे गोमंतकीयांनी कसे पाहिले? माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्या तीन लाटा आहेत.

पहिली लाट स्वागताची. १९६१ नंतर रस्ता आला, वीज आली, शाळा आली. मराठी शाळा गावोगाव निघाल्या. त्यांतून शिकलेली पहिली पिढी आज ह्या सभागृहात पांढरे केस घेऊन बसली आहे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले, १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीतल्या मुंडकाराच्या घराला. ज्याला भाटकाराला विचारल्याशिवाय छप्पर शाकारता येत नव्हते, त्याने चिऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या. त्या पिढीला सिमेंटचा वास हा स्वातंत्र्याचा वास वाटला, आणि त्यात काही चूक नव्हते. वाढीवर मर्यादा घालावी हे तिला कोणी सांगितले असते, तर तिने विचारले असते : इतके दिवस मर्यादा कोणावर होती?

दुसरी लाट शंकेची. १९७४ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायदा आला. १९९१ मध्ये भूवापर नियमन कायदा झाला. कूळ कायद्याखाली जी जमीन कुळाच्या मालकीची झाली ती शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, असे त्याने सांगितले. त्यानंतर कोकण रेल्वेचा मार्ग किनाऱ्याजवळच्या दाट तालुक्यांतून आणि खाजनांतून न्यावा की आतून, ह्यावर गोवा दुभंगला. रेल्वे ठरल्या मार्गानेच गेली. पण जमिनीचा उपयोग हा सार्वजनिक चर्चेचा विषय आहे, हे लोकांना तेव्हा उमगले.

तिसरी लाट नकाराची. ऑगस्ट २००६ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला. डोंगर, शेते, भाटे मोठ्या प्रमाणात वस्तीच्या रंगात रंगवलेली लोकांना दिसली. ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले. १८ डिसेंबर २००६ रोजी पणजीच्या आझाद मैदानावर सभा झाली, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रेही रद्द करण्याची घोषणा झाली. विख्यात वास्तुविशारद चार्ल्स कुरैय्या यांच्यासह तज्ज्ञांचे कृती दल नेमले गेले. गावनिहाय नकाशे ग्रामसभांपुढे गेले. त्यातून निघालेला ‘आराखडा २०२१’ हा २०११ मध्ये अधिसूचित झाला. राज्याची सुमारे ५४ टक्के भूमी त्याने सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवली. गावच्या माणसाने आपल्या गावाचा नकाशा जमिनीवर पसरून त्यावर बोट ठेवले, ही घटना मी आपल्या सार्वजनिक जीवनातील फार मोठी घटना मानतो.

पण पुढे काय झाले? २०१२ मध्ये तो आराखडा स्थगित झाला. त्याच्या काही भागांचा वापर पुन्हा सुरू झाला तो २०१८ मध्ये. त्याच वर्षी कायद्यात १६-ब हे कलम आले, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-अ. कलमांची भाषा वेगवेगळी, परिणाम एकाच दिशेचा : संपूर्ण आराखड्याला हात न लावता एकेका भूखंडाचा रंग बदलण्याची वाट. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्द केले आणि त्या कलमाची व्याप्ती आवळली; सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

ह्या कलमांवर टीका करताना आपण बोट नेहमी सरकारकडे दाखवतो. माझा प्रश्न निराळा आहे. एकेका भूखंडाचा रंग बदलण्यासाठी अर्ज कोण करतो? बाहेरचा धनिक करतो हे खरे. पण त्याला जमीन विकणारा कोण? खरेदीखतावरच्या सह्या वाचा. त्यांत आपलीच आडनावे आहेत.

एकाच माणसातले दोन मतदार

हा दुटप्पीपणा आहे काय? मला तसे वाटत नाही. आणि येथे दूरदेशीचे एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९७३ मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला वाढीची सीमारेषा आखणे बंधनकारक केले. पोर्टलंड शहराभोवतीची रेषा १९७९ मध्ये पक्की झाली. रेषेच्या आत शहर, बाहेर शेती आणि रान. जगभरचे नगररचनाकार ती पाहायला जाऊ लागले. परंतु २००४ मध्ये तेथील मतदारांपुढे प्रस्ताव आला : जमीन घेतल्यानंतर लागू झालेल्या निर्बंधामुळे तिची किंमत कमी झाली, तर सरकारने मालकाला भरपाई द्यावी, नाहीतर निर्बंध उठवावा. सुमारे ६१ टक्के मतदारांनी त्याला होकार दिला. शेतजमिनीवर वसाहतींचे अर्ज येऊ लागले. तीन वर्षांनी, २००७ मध्ये, पुन्हा मतदान झाले. मालकाला आपल्या जमिनीवर दोनचार घरे बांधू द्यावीत, पण मोठ्या वसाहती नकोत, ह्या प्रस्तावाला सुमारे ६२ टक्के मते पडली.

तीन वर्षांत ओरेगनमधली माणसे बदलली नव्हती. पहिल्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे एक वृद्ध शेतकरी होता, ज्याला स्वतःच्या जमिनीवर मुलासाठी घर बांधता येत नव्हते. दुसऱ्या वेळी डोळ्यांपुढे शेताच्या मध्यावर उभी राहणारी शंभर घरे होती. दोन्ही वेळी ती प्रामाणिक होती. न्यायाची ओढ आणि भूमीची ओढ ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदतात. ज्या प्रश्नाचा चेहरा पुढे येतो, तसे तो मत देतो. गोमंतकीय माणूस आझाद मैदानावर जातो आणि सनदेसाठी अर्जही करतो, त्याचे स्पष्टीकरण मला ह्यात सापडते.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या घराण्याची बांधालगत एक शेती आहे. वाटण्या होता होता आज तिला अकरा वारस आहेत. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. त्यात मुलगा-मुलगी समान आणि विक्रीखतावर पती-पत्नी दोघांची सही लागते, ही त्याची थोर बाजू. पण अकरा वारस म्हणजे त्यांच्या जोडीदारांसह वीसएक सह्या, आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा नांगर फिरवायलाही अपुरा. शेत काही वर्षे पडीक आहे. अलीकडे एक गिऱ्हाईक आले. माझ्या पुतण्याने मला सर्वांदेखत विचारले, “काका, शेत राखा म्हणून सांगणाऱ्या सगळ्यांना पेन्शन आहे, हे तुमच्या लक्षात आले आहे का? माझ्याकडे भाड्याची दोन खोल्यांची जागा आहे. तुमचे घर तुमच्या वडिलांनी भाटात बांधले, तेव्हा कोणी त्यांना अडवले नाही.”

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, थकवा होता. मी अद्याप सही केलेली नाही, आणि त्याचे म्हणणे मला खोडताही आलेले नाही. कारण तो जे बोलला तेच जगभर अनुभवाला आले आहे. लंडनभोवतीचा हरितपट्टा हा शहराला आवर घालण्याचा नामांकित प्रयोग. १९३८ मध्ये त्यासाठी कायदा झाला, १९४४ च्या अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या आराखड्यात त्याला रूप आले. त्याने शेते राखली, यात शंका नाही. पण पट्ट्याच्या आतली घरे महागली, तरुण माणूस पट्टा ओलांडून पलीकडच्या गावात राहायला गेला आणि रोज गाडीने ये-जा करू लागला. ज्यांची घरे आधीच होती त्यांना हिरवा देखावा मिळाला, आणि ज्यांची नव्हती त्यांना प्रवास. शीव आखणारा शिवेच्या आत बसलेला असेल, तर बाहेरच्याला ती भिंतच वाटणार.

माणूस थांबवायचा की पसारा?

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे मला भाग आहे. ‘आता पुरे’ ह्या आपल्या घोषणेत पुष्कळदा दुसरी एक घोषणा लपलेली असते : ‘भायले नकोत.’ दिल्लीहून बंगला घ्यायला येणारा आणि विजापूरहून विटा उचलायला येणारा, दोघांना आपण एकाच शब्दात बसवतो. पहिला आपल्या जमिनीचा भाव वाढवतो, दुसरा आपले घर बांधतो, आणि राग बहुधा दुसऱ्यावर निघतो. मघाशी सांगितलेला आकडा पुन्हा आठवा : दहा वर्षांत माणसे वाढली सव्वाआठ टक्के. ह्या माणसांनी गोवा व्यापला नाही. व्यापला तो त्यांच्या मानाने कितीतरी पटींनी वाढलेल्या पसाऱ्याने : दुसऱ्या घराने, तिसऱ्या गाडीने, रस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेने.

मराठी भाषकांनी तर ह्याबाबत विशेष सावध असावे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे मराठी माणूस पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या मुलखात राहिला आणि तेथे त्याला जागा मिळाली. शहराला शीव असावी. ती माणसाच्या जन्मगावावरून ठरू नये. पाणी किती, उतार किती, खाजनाचा बांध कुठे, ओपाच्या नळाला उन्हाळ्यात धार किती, ह्यांवरून ती ठरावी. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात शेत हे पाणी मुरण्याची जागा असते. ती बुजवली की पावसात पाणी घरात येते आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. हे पाणी भाषा विचारत नाही.

काय करता येईल

उपदेश करण्याचे माझे वय झाले असले तरी इच्छा नाही. तीन गोष्टी मात्र विचारासाठी ठेवतो.

पहिली गोष्ट. ‘नको’ म्हणणाऱ्याने ‘कुठे हवे’ हेही सांगितले पाहिजे. काळी राखायची असेल, तर पांढरीत जागा द्यावी लागेल. आपल्या वाड्यांवर ओसाड पडलेली घरे, वारसांच्या तंट्यात गुंतलेल्या पडव्या, जुन्या बाजारपेठांतले रिकामे माळे ह्यांचा प्रत्येक ग्रामसभेने हिशेब मांडावा. ज्या गावात दर पाचांतले एक घर बंद असेल, त्या गावाने भातशेतीत वसाहत मागणे हे शिळे अन्न टाकून पुन्हा चूल पेटवण्यासारखे आहे. वस्तीच्या आत चार मजले चढले, तर आपल्याला वाईट वाटते. पण ते शेतात पसरलेल्या चाळीस बंगल्यांपेक्षा बरे.

दुसरी गोष्ट. शेत राखण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. ज्याच्या जमिनीला हिरवा रंग लागला तो गरीब राहिला, आणि शेजाऱ्याच्या जमिनीला पिवळा लागला तो रातोरात श्रीमंत झाला. एकाच बांधाच्या दोन बाजूंना असे दैव कागदावरच्या रंगाने ठरू लागले, तर रंग बदलण्यासाठी माणूस काय करणार नाही? मला ह्या साऱ्या गैरप्रकारांचे मूळ येथे दिसते. सनदेमुळे जमिनीच्या भावात जी वाढ होते, तिचा मोठा वाटा गावाच्या निधीत यावा, आणि त्यातून बांध दुरुस्त व्हावेत, पडीक शेते सामाईक लागवडीखाली यावीत, शेत राखणाऱ्याला दरसाल काही मिळावे. जुन्या गांवकारीत पिकाचा वाटा बांधाला देण्याची रीत होती. तेच तत्त्व नव्या कपड्यांत आणता येईल. मात्र जुनी जन्माची भिंत वगळून. गावात जो राहतो तो गावकरी, एवढीच व्याख्या पुरे.

तिसरी गोष्ट. गरीबाचे घर आणि धनिकाचा प्रकल्प ह्यांना एकाच तराजूत घालू नये. कोमुनिदादीच्या जमिनीवरची २०१४ पूर्वीची घरे नियमित करण्याची तरतूद २०२५ मध्ये झाली, तेव्हा त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. सामाईक जमिनीवर हात टाकणाऱ्याला बक्षीस मिळते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण साठ वर्षांत आपण कमी उत्पन्नाच्या माणसाला कायदेशीर भूखंड कुठे दिला, हेही विचारले पाहिजे. सरळ दार बंद असले की माणूस परसदारातून येतो.

ह्या सर्वांसाठी जागा एकच आहे : ग्रामसभा. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आणि आपल्या १९९४ च्या पंचायत कायद्याने ती आपल्या हाती दिली. २००७ नंतरच्या त्या वर्षांत ती भरून वाहत होती. आज पुष्कळ ठिकाणी तिथे प्रकल्पाला विरोध करायचा असेल तेव्हाच माणसे जमतात. विरोधाला गर्दी होते आणि नकाशा वाचायला चार माणसे उरतात. शीव एकदाच आखून होत नाही. खाजनाच्या बांधासारखी ती दर पावसाळ्यापूर्वी पाहावी लागते, खेकड्यांनी पोखरलेली भोके बुजवावी लागतात.

ह्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, सर्वेक्षक आहेत, बांधकाम व्यावसायिक आहेत, पंच-सरपंच आहेत. त्यांच्याकडे माझी एक विनंती आहे. आपापल्या गावाचा सर्वे नकाशा आणि २०२१ च्या आराखड्यातील गावाचे पान, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून येत्या वर्षात विद्यालयातल्या नववीच्या मुलांना वाचायला शिकवा. कुठला सर्वे क्रमांक खाजनात येतो, कुठला ओहळ बुजला, कुठले घर किती वर्षे बंद आहे, हे मुलांनी चालत जाऊन लिहावे. मुलांनी लिहिलेली ती वही ग्रामसभेत ठेवावी. कोणत्याही भाषणापेक्षा तिचे वजन अधिक असेल. ज्या गुरुवर्यांच्या नावाने आपण आज जमलो आहोत, त्यांनी ह्या परिसरातल्या तीन पिढ्यांना अक्षरे वाचायला शिकवली. आपल्या गावाची जमीन वाचायला शिकवणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल ठरेल.

आमच्या शेताचे काय होईल ते अकरा वारस मिळून ठरवतील. पुतण्याला मी एवढेच सांगितले आहे की गावात जुन्या घरांपैकी एखादे त्याला राहण्याजोगे मिळते का, ते आपण दोघे मिळून आधी पाहू. सहीचे नंतर बोलू. हे उत्तर पुरेसे आहे असा माझा दावा नाही. पण ‘राखा’ म्हणणाऱ्याने निदान एवढी पायपीट करायला हवी, असे मला वाटते.